टण् आणि बद्द

उद्यमनगरात एकतीस वर्षं
मी बीड ओतलं.
निवलेल्या कास्टिंगवर हातोडी टेकवली की कळायचं:
टण् म्हणजे पास,
बद्द म्हणजे आत कुठंतरी पोकळ.

शांतिनाथ मगदूमनं एक दगड आणला,
पेपरात गुंडाळून.
तांबडा, जड, बोटांना रंग लावणारा.
"घाटाखाली डोंगरच्या डोंगर हाय, मामा.
कंपनी अजून नुसती भोकं पाडतीया,
तवर घ्या. चार रुपये दहा पैसे."

मी हातोडी मारली.
टण्.
दगड खरा होता.
डोंगराला कुठं हातोडी लावायची?

फंडातले सव्वा लाख घातले.
हिला सांगायचं राहिलं.

आता सकाळी चहा निवेपर्यंत
मोबाईल बघतो.
चार चाळीस.
तीन नव्वद.
दोन पंचवीस, आणि खाली बारीक अक्षरात
परवानगी प्रलंबित.
आकड्यावर नख वाजवून बघतो.
काच सगळ्याला एकच आवाज देते.

दगड आहे अजून.
गच्चीवर सांडग्यांचं फडकं उडू नये म्हणून
ही तो कोपऱ्यावर ठेवते.
फडक्याला तांबडा डाग पडलाय,
चार धुण्यांत गेला नाही.

"कुठनं आणलासा हो," म्हणते,
"चांगला जड आहे."