शून्याचं तिकीट

खानापूर–इटगी, संध्याकाळची सव्वासहाची गाडी.
माझ्या हातात मशीन, खांद्याला पिशवी,
बोटांच्या बेचक्यांत इसब.

नवव्या वर्षापासून आहे. नोकरीपेक्षा जुना.
थंडीत भेगा, उन्हाळ्यात पाणी,
मधले दोन महिने ओळख नसल्यासारखा वागतो.

सुट्टे घ्यायला लोक तळहात पुढं करतात,
मग माझा हात दिसतो
आणि तळहात जरासा मागं सरतो,
इतकाच, की पैसे पडू नयेत, बोटं लागू नयेत.
पंधरा वर्षांत हे अंतर मला पाठ झालंय.
रुपया वरून सोडते.

सल्ले मात्र कुणी वरून सोडत नाही,
ते जवळ येऊन देतात.
वांगं सोड. सुकी मासळी सोड.
कडुलिंबाच्या पाल्यानं धू.
कुणाचं तरी केलेलं असेल बघ.
पारिश्वाडच्या मास्तरांनी विचारलं,
"डेपोत सांगितलंय ना तुम्ही?"
म्हटलं, लागत नाही हो हे कुणाला.
"तसं नव्हे," म्हणाले, आणि खिडकीकडं बघत बसले.

गंगव्वा तळवार मंगळवारी चढते,
लोणी विकून रिकामा झालेला डबा मांडीवर.
बायकांना प्रवास फुकट, तरी तिकीट फाडावंच लागतं.
शून्य रुपये छापलेला कागद
मी टोकाला धरून पुढं केला.
तिनं कागद राहू दिला, माझी बोटं घेतली.
उलटी केली, सुलटी केली,
भेगेवर अंगठा ठेवला.

"इसुबु," ती म्हणाली.
"इसब," मी म्हणाले.
"हौद, अद."

ह्या पट्ट्यात पाट्यांवरून डोकी फुटली,
पण हा शब्द वाटून घ्यायला कुणी आलं नव्हतं.
दोन उकार तिचे,
बाकी सगळं सामाईक.

मग बाही वर करून कोपराची लवण दाखवली.
कातडी जाड, काळी,
जू वागवलेल्या बैलाच्या खांद्यासारखी.
"केरीब्याड, तंगी. खाजवायचं नाय. थोपटायचं,"
आणि थोपटून दाखवलं,
पाळण्यातल्याला थोपटतात तसं.
"मलम सोडायचं नाय. अंग ओलं हाय तवाच लावायचं.
हे जात नाय, राहतंय.
आपण बी राहायचं."

मागून कुणीतरी ओरडलं, कंडक्टर, डबल बेल!
मी विसरलेच होते.

आता मंगळवारी ती विचारते, "कसं हाय?"
मी सांगते, "परत आलंय. ह्यावेळी मनगटापर्यंत."
"माझं बी. लग्नघरात भांडी घासली नव्हं."
शेजारची बाई कान देऊन ऐकते.
तिला वाटतं, आम्ही सुनांबद्दल बोलतोय.

सगळ्याच रात्री जमतं असं नाही.
काही सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतातच.
पण काल दोन वाजता जाग आली,
आणि नखं उचलायच्या आधी
मी डाव्या हातावर थोपटायला लागले.
पोरगा झोपेतच म्हणाला, "आई, दार वाजतंय."
"कुणी नाही. झोप तू."
डावा हात लवकर निजला.
उजव्याला जरा वेळ लागतो.