दोष आकडीचा नव्हे

मंगळवारी ओनुफ्री आला, दुकान उघडायच्याही आधी.
बंदूक पेटीतून काढून माझ्या बाकावर ठेवली.
म्हणाला, आकडी गेलीय, दार्का, नवी बसव.
बार होतो, पण पुंगळी आतच अडकते.
रानहंसांचा थवा डोक्यावरून निघून जातो
आणि मी लव्हाळ्यात बसून चाकूने ती उकरतो,
दात कोरल्यासारखी.

बुधवारी त्याचा भाऊ मेथोडी.
आकडीबिकडी काही नाही, म्हणाला.
काडतुसं स्वस्तातली आणतो तो, लोखंडी बुडाची.
पितळी घे म्हणून सांगून दमलो.
पाच डॉलर वाचवतो न् पाच हंस घालवतो.
आता तूच सांग त्याला.
आमचं बोलणं नाही.

एक बंदूक, एक घर, एक चूल,
आणि बोलणं नाही.
झोरिया केवढंसं गाव; धान्याची कोठारं सोडली तर
वर मान करून बघावं असं काही नाही,
त्यामुळे सगळ्यांना सगळं ठाऊक.
मी विचारलं नाही.

रात्री दार लावून घेतलं.
नळी रिकामी आहे ना, ते दोनदा पाहिलं
(वडिलांनी लावलेली सवय, एकदा माझ्यासाठी, एकदा त्यांच्यासाठी).
मग एक खोटं काडतूस घालून बोल्ट हाताने ओढला.
टप्पकन बाहेर,
घरंगळत गेलं चहाच्या कपापाशी.
म्हणजे आकडी धरते.
भिंगाखाली नखी शाबूत, स्प्रिंगही अंगठ्याला उलटून बोलते.
ओनुफ्री चुकला.

सकाळी खडीच्या खाणीत, उणे नऊ.
तीन पितळी, तीन लोखंडी.
सहाच्या सहा अडकली.
प्रत्येकीच्या कडेवर उंदराने कुरतडल्यासारखी खूण:
आकडीने ओढलं होतं, जीव लावून,
आतून कुणी सोडलं नव्हतं.
मेथोडीही चुकला.

बार होताना पुंगळी फुगते, भिंतीला टेकते,
आणि क्षणात अंग चोरून मोकळी होते.
भिंत तेवढी गुळगुळीत हवी.

नळी उतरवली. दिवा धरून पाहिलं, काही दिसेना.
मग करंगळी घातली.
वर काच. डावीकडे काच.
उजवीकडे मांजराची जीभ.

गंज एकाच अंगाला का धरावा?
बंदूक कुशीवर पडून होती म्हणून.
ओली, फोमच्या पेटीत, झाकण बंद,
एक हिवाळा, एक उन्हाळा.

मागच्या ऑक्टोबरात ते दोघे तळ्यातून परतले
तेव्हा अंगणात दवाखान्याची गाडी उभी होती,
दिवा फिरत नव्हता.
पराश्का. एकाची बायको.
दुसऱ्याने लग्नच केलं नाही, गाव त्याचंही कारण सांगतं.
त्या रात्री बंदूक कोण पुसणार?
कुणीतरी पेटीत ठेवली, एवढं खरं.
कुणी, ते गंजात लिहिलेलं नसतं.

ब्रशवर बारीक तारेचा काथ्या गुंडाळला, थेंबभर तेल,
आणि हळू, हळू.
जास्त घासलं तर नळी सैल होते.
खड्डे जात नाहीत. त्यांची धार जाते.
करंगळी पुन्हा घालायची, पुन्हा थांबायचं.

शनिवारी दोघे एकाच गाडीतून आले,
कारण मेथोडीचा परवाना डोळ्यांपायी काढून घेतलाय.
एक काउंटरपाशी, एक दाराशी.
काय झालं होतं?
दोघांनी एकदमच विचारलं आणि दोघेही ओशाळले.

चेंबरला गंज, म्हटलं मी. चाळीस डॉलर.
ओली ठेवू नका.

ओनुफ्रीने बंदूक पाहिली. मेथोडीने बूट.
बराच वेळ हीटरच तेवढा बोलत होता.
मग मेथोडी म्हणाला, मला नव्हे,
नळीचा ब्रश आहे का आपल्या घरी?
असेल, ओनुफ्री म्हणाला.
तिच्या शिवणाच्या कपाटात. उघडून बघावं लागेल.

मी पिशवीत एक नवा ब्रश टाकला होता.
पावती लिहिता लिहिता
तो हळूच परत काढून घेतला.