ऐकू आले का

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी बाराला
मी फागालोतोच्या खांबावरचा भोंगा वाजवून बघतो.
आपिआहून दीड तास, वाटेत दोन ओढे,
गाडीत शिडी, मल्टिमीटर आणि फॉर्मचं पॅड.
फॉर्मवर माणसांबद्दलचा प्रश्न एकच आहे:
ऐकू आले का. होय. नाही.

सिएनी दुकानाच्या पायरीवर नारळ खवत असते.
आलं की, म्हणते. चांगलं खणखणीत.
मग काय केलंस?
खवत राहिले. गुरुवार ना आज.

नव्वद सेकंद भोंगा, आणि कोणी मान वर करत नाही.
कोंबड्यासुद्धा.
बारा वर्षं मी या गावाला
बसून राहायला शिकवतोय,
हे लक्षात आलं त्या दिवशी
शिडी उतरताना माझी एक पायरी चुकली.

मोबाइलवरही संदेश येतो, राजधानीतून, सगळ्यांना.
सूचना, सावधगिरी, इशारा. तीन शब्द, तीन रंग.
कोणत्या रंगाला पळायचं
आणि कोणत्याला नुसत्या चपला शोधून ठेवायच्या
हे मलाही कागद बघून सांगावं लागतं.
फालानिकोचा फोन भिजला म्हणून तांदळात पुरलेला.
लागिमालीएच्या फोनवर नातू खेळतो.
उतुमोआ जन्माचा बहिरा; त्याच्यासाठी फॉर्मवर चौकट नाही,
आणि घर त्याचं सगळ्यांत खाली, वाळूला लागून.

गावाची स्वतःची घंटा आहे:
ऑक्सिजनचं रिकामं नळकांडं,
नीरफणसाच्या फांदीला टांगलेलं, बुंध्याशी लोखंडी सळई.
संध्याकाळी सहाला ते वाजलं की माणसं घरात जातात,
चटईवर मांडी घालतात.
प्रार्थना संपायच्या आत जो रस्त्यावर दिसेल त्याला दंड.
म्हणजे खांब म्हणतो, उठा.
झाड म्हणतं, बसा.

हे मी वर कळवलं होतं.
वरून नवीन बॅटरी आली.

मार्चमध्ये, एका मंगळवारी, सहाला दहा कमी असताना
जमीन हलली.
कपबशा वाजाव्यात इतकीच, पण लांबली.
अर्धा नारळ खवून झाला असता, सिएनी सांगते.
भोंगा गप्प. बॅटरी नवी, वायर उंदरांनी खाल्लेली.
फालानिकोची मातालेना, अकरा वर्षांची, पुढचे दात मोठे,
तिने सळई उचलली.

गाव आत गेलं.
चटया पसरल्या, कुणी स्तोत्र धरलं.
ती मारत राहिली.
पहिलं कडवं झालं, दुसरं झालं,
फालानिको दारात आला तिला दटावायला,
तिचे तळहात सोललेले, ती थांबेना,
आणि ते न थांबणं
हळूहळू लोकांच्या कानांतून गुडघ्यांत उतरलं.

टेकडीवर पोचले तर उतुमोआ आधीच तिथे,
दगडावर बसून पायातला काटा काढत.
त्याला तळव्यांनी कळलं होतं.

पाणी आलं ते कमरेइतकं.
एक डुक्कर गेलं, दोन होड्या,
सिएनीच्या पायरीवर आठवडाभर चिखल.
राजधानीचा संदेश त्यानंतर चार मिनिटांनी आला,
पिवळ्या रंगात.

पुढच्या गुरुवारी वायर बदलली, भोंगा वाजवला.
सिएनीचा हात थांबला. तिने समुद्राकडे पाहिलं,
मग माझ्या गाडीकडे,
मग पुन्हा खवायला लागली.
मातालेना हाताला चिंध्या बांधून शिडी धरायला आली होती.
हा तू बंद का करतोस, तिने विचारलं.
नव्वद सेकंदांचा नियम आहे, म्हटलं.
मग कळणार कसं?

परतताना दुसऱ्या ओढ्यापाशी गाडी थांबवली,
पॅड मांडीवर घेतलं,
पेन ‘होय’च्या चौकटीवर टेकवलं.
शाई पसरत गेली
‘नाही’पर्यंत.