बिनदुधाची साय

फ्लॉवरचा गड्डा डोरीनने कुंपणावरून दिला.
"अर्धा गोगलगायींनी खाल्ला, उरला तो तुझा."
हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो
आणि मृण्मयी लीड्सहून सहा-दहाच्या गाडीने येते.
तेवढ्यात सूप व्हायला हवं,
दाट, पांढरं,
आणि त्यात दूध नाही, साय नाही, लोणी नाही,
तुपाचं बोटसुद्धा नाही. बजावून ठेवलंय तिने,
जणू मी चोरून घालीनच.
(घातलं होतं एकदा, दिवाळीत. तिला कळलं होतं.)

मी दूधवाल्याची लेक.
संगमनेरच्या अलीकडे आप्पांचं संकलन केंद्र,
पहाटे पाचला किटल्यांचा खणखणाट,
लॅक्टोमीटर बुडवायच्या आधीच आप्पा ओळखायचे
रात्री कोणी विहिरीशी सोयरीक केली ते.
घरात भात कालवताना कोणाच्या ताटात साय जास्त
यावरून आम्हा तिघी बहिणींची मारामारी.

काजू दुपारपासून भिजत पडलेत कोमट पाण्यात.
फुगून दुधाच्या दातांसारखे झालेत.

लीक चिरते. कांद्याची ही गोरी, उंच जाऊ,
पापुद्र्यापापुद्र्यात माती लपवून बसलेली.
मंद आचेवर परतते तिला तेलात,
लाल होऊ देत नाही,
कारण मला ते पांढरंच हवंय, का कोण जाणे.
मग फ्लॉवरचे तुरे, एक बटाटा, पाणी बुडेपर्यंत,
आणि किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ.
ते मात्र माझं,
श्रीखंडातून पळवून आणलेलं.

झाकण ठेवलं की वाट बघायची.
वाट बघताना हौशी आठवते.

हौशीचं वासरू गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
ती दूध चोरायला लागली, कासेला हात लावू देईना.
चौथ्या दिवशी परसूने
त्या वासराच्या कातड्यात पेंढा भरला,
चार काठ्यांवर उभं केलं तिच्यापुढे.
हौशीने ते हुंगलं.
चाटलं.
चाटतच राहिली,
आणि पान्हा फुटला.
आप्पा म्हणाले, बघ, मुक्या जनावराला कळत नाही.
मला वाटलं, कळतंय तिला,
पण चाटायला काहीतरी लागतंच ना.
हे कोणाला सांगितलं नाही कधी.
मृण्मयीशी वर्षभर भांडले तेव्हाही नाही.
हाडं, प्रथिनं, बी-ट्वेल्व्ह, पंचामृताचं काय करशील,
सगळं काढलं,
हौशीला सोडून.

गरम सूप मिक्सरमध्ये घालताना
झाकणावर फडकं दाबून धरायचं.
या शिकवणीची फी अजून छतावर आहे,
भोपळ्याची, मार्चमधली.
काजू आधी भरड होतात, मग रव्यासारखे,
मग आवाज बदलतो भांड्याचा,
घरघर जाऊन एक गुळगुळीत हुं लागतो.
बोट बुडवून बघते. धरलं.
चमच्याच्या पाठीला नीट धरलं.
आप्पा असते तर विचारलं असतं, फॅट किती?

ती आली. भिजलेला कोट जिन्याच्या कठड्यावर.
पातेल्यात डोकावली, मग माझ्याकडे बघितलं,
अगदी विहिरीवाल्याकडे बघतात तसं.
"आई."
मी काजूची रिकामी पिशवी पुढे केली,
पावती दाखवावी तशी.

दोघी बसलो. खिडकीवर पाऊस का गारा, कळेना.
बोलता बोलता तिच्या वाडग्यावर
पातळसा पापुद्रा धरला,
आणि चोवीस वर्षांच्या माझ्या मुलीने
तो बोटाने उचलून तोंडात टाकला.

"मृण्मयी, तुला एका गायीची गोष्ट सांगायची आहे."

"सांग," ती म्हणाली,
"पण आधी मीठ दे.
मीठच घातलं नाहीयेस तू."