सात दिवस तोंडानं

निपाणीच्या वखारीत हे नाक
चिमूटभर चुऱ्यावरून सांगायचं
पानाला दव किती लागलं होतं.
आता त्यात सिलिकॉनच्या दोन पट्ट्या,
मधल्या पडद्याला टाका घालून शिवलेल्या,
आणि मी बेळगावात, खाट नंबर नऊ,
तोंड उघडं टाकून पडलेला.

अर्धी भाषा नाकातच असते, हे तेव्हा कळलं.
'पाणी' म्हणालो, 'पाडी' झालं.
यमुनाची 'यबुडा' झाली,
तिला हसू आवरेना.
सिस्टर निंगव्वा, बैलहोंगलकडची,
भाताची ताटली पुढं करायची.
'नको' म्हणावं तर 'डको'.
तिला वाटायचं, डोकं दुखतंय,
गोळी घेऊन यायची.

तिसऱ्या रात्री कंटाळून म्हणालो,
'बेडा.'
स्वच्छ. काठोकाठ.
नाकाची गरजच पडली नाही त्याला.
निंगव्वा थबकली,
'बोलता येतंय की तुम्हाला,' म्हणाली,
मराठीत.
चाळीस वर्षं बाजारात ऐकला हा शब्द,
तोंडात घेतला नव्हता कधी.
काकांच्या मोर्चांची सवय म्हणा.

सातव्या दिवशी टाका कापला.
डॉक्टरनं पट्ट्या ओढल्या,
एवढ्या लांब, की मागोमाग
मेंदूही येतोय वाटलं.
मग हवा आली, गार, दोन्हीकडून.
तिच्या मागं स्पिरिट, शिळा भात,
आणि यमुनाच्या पदरात अडकलेला
वखारीचा चुरा.
जरा ओला. यंदा दव जास्त.

'दुखतंय?'
'नाही,' म्हणालो. 'न' नीट गेला.
निंगव्वानं कापसाचा बोळा पुढं केला.
'बेडा.'