पान चौदा

पान चौदावर लिहिलंय: धोका, कदाचित रक्ताचा कर्करोग.
सही केली. पेन हॉस्पिटलचं, दोरीला बांधलेलं.

दोष माझ्याकडूनच गेलेला,
डोळ्यांच्या रंगासारखा, न विचारता.
बास्तियानो सात महिन्यांचा होऊन गेला.
एफिसिओ काचेआड, अकरावा आठवडा.

मिलानमध्ये त्याच्याच पेशी त्याला परत मिळाल्या,
दात पाडलेल्या विषाणूनं शिकवून पाठवलेल्या.
पिशवी इवलीशी. वीस मिनिटं.
खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास.
एवढंच?

मग घरी, नुओरोत, पुढच्या फेब्रुवारीत
शेजारच्या पोरीनं त्याचा चमचा चाटला.
तिसऱ्या दिवशी शेंबूड.
रात्रभर मी नाकाशी सूत धरून.

सकाळी तो शिंकला,
बाहीला नाक पुसून
बिस्किट मागू लागला.

पंधरा वर्षं फोन करत राहू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
करा.