मुक्कामी गाडी

बुधवारची गोळी घरी राहिली.
नंदनवनात, फ्रिजवरच्या डब्यात,
पिना, लायटर आणि विजेच्या बिलाखाली.
मी तेव्हा भिवापूरच्या पुढे
ग्रामपंचायतीच्या खोलीत, सतरंजीवर,
उशाला पैशांची बॅग,
बाहेर कुत्री दार ओरबाडत होती.

गुरुवारची पण राहिली.
बदली कंडक्टर आला नाही.
डेपोतून फोन : बाई, अजून एक रात्र काढा.
काढली.
रात्र काढता येते.
गोळी मागच्या तारखेत घेता येत नाही.

एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी,
पाठीमागे बारीक बाण,
एकेरी रस्त्यावर असतात तसे.
बाण मी पाळते.
तिकिटं फाडायचे तेव्हापासून
एक रुपया कमी भरलेला नाही,
पडला कमी तर स्वतःच्या पर्समधून घातला.
गणेशपेठच्या खिडकीत वेबिल सरकवायची
आणि कॅशियर निखारे मान वर करायचा नाही.
मान वर न करणं, हाच त्याचा शेरा : उत्तम.

शनिवारी उमरेड सोडलं
आणि पोटात कुणीतरी घंटीची दोरी ओढली.
एकदाच. थांबा.
तारीख नव्हती. बारा दिवस बाकी होते.
मे महिना, पारा सेहेचाळीस,
आणि खाकी कापड मोठं लबाड,
धूळ लपवते, ग्रीस लपवते,
हे मात्र साऱ्या गाडीला सांगते.
माझी सीट रिकामी होती.
बसायची हिंमत नव्हती.
चोपन्न प्रवासी. त्यातल्या सत्तावीस बाया,
अर्ध्या तिकिटाच्या.
एकीला विचारलं असतं तर
उत्तर पूर्ण मिळालं असतं.
विचारलं नाही.

गजभे ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.
पाचगावच्या पंपावर गाडी वळवली.
"मागचा टायर बसल्यावानी वाटून राहिला, मॅडम.
पाहून घेतो. दहा मिनिटं."

टायर बसला नव्हता.
किंवा बसला असेल.
सात वर्षांत आम्ही बोललो ते
डिझेल, गतिरोधक,
त्याच्या पोरीची नर्सिंगची फी.
कडी तुटलेल्या संडासाचं दार मी एका हातानं धरलं,
दुसऱ्या हातानं आणि दातांनी दुपट्टा फाडला.
अर्धा उन्हासाठी ठेवला.

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टर बारापात्रे
माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं.
"किती चुकल्या?"
दोन.
"नक्की?"
दोनच. आणि मार्चअखेर एक.
आणि बहिणीच्या बाळंतपणात चार,
पण ते पाकीट वेगळं.
तिनं पेन खाली ठेवला.
"दोन लागोपाठ चुकल्या की होतं असं.
अंगाला सवय झालेली असते. ते वाट पाहतं."

वाट पाहतं.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं
की आत एक स्टॅन्ड आहे,
तिथे कुणीतरी मांडीवर पिशवी घेऊन बसलेलं असते
रात्री नऊच्या गाडीसाठी,
लाइट गेले तरी हलत नाही,
आणि मी लागोपाठ दोन रात्री फेरी रद्द केली
फळ्यावर न लिहिता.

घरी देवचंद म्हणाला, "काहून अशी चालतेस?"
मी म्हटलं, टायर बसला.
तो हसला. कुलरमध्ये पाणी टाकायला गेला.

आता पाकीट तिकिटाच्या मशीनच्या कव्हरात असते,
चार्जर आणि कागदाच्या रोलसोबत.
मुक्कामाच्या खोलीत नऊ वाजता
कोमट पाणी, एक घोट.
कधी सव्वानऊ होतात.

बुधवारची ती अजून चांदीत आहे.
फेकवत नाही.
कुठे जमा करायची, ती खिडकी सापडली नाही.
डाग लिंबानं गेला.
बऱ्यापैकी.